गवताऐवजी लोबुश ब्लूबेरी: कुठे जमेल, कशी लावायची, किती वाट पाहायची

प्रश्न: न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात घर घेतलं आहे. मागे उतार आहे, साधारण दोनशे चौरस फूट. तिथे पाइनची मोठी झाडं होती, ती आधीच्या मालकाने काढली. गवत टिकत नाही आणि उतारावर मशीन फिरवायची भीती वाटते. तिथे लोबुश ब्लूबेरी लावली तर जमीन झाकली जाईल आणि मुलांना खायलाही मिळेल, असं ऐकलं. किती रोपं लागतील? किती दिवसांत भरेल? घराच्या भिंतीलगतही लावू का? आणि माझ्या बहिणीचं घर महाबळेश्वरला आहे, तिच्याकडे हे जमेल का?

उत्तर: उतारावर लावा. भिंतीलगत बहुधा नको. महाबळेश्वरला जमणार नाही. आता सविस्तर लिहितो, कारण या झाडाची रीत आपल्या नेहमीच्या बागकामाहून फार वेगळी आहे. मी मूळचा नाशिककडचा, द्राक्षाच्या घरातला. बरीच वर्षं न्यू हॅम्पशायरच्या शेजारच्या मेन राज्यात लोकांच्या बागा लावून देतो. लोबुशचे प्रश्न दर उन्हाळ्यात येतात आणि बहुतेकांचं चुकतं ते रोप लावण्याच्या आधीच.

दुकानात मिळणारी मोठी, टपोरी ब्लूबेरी हायबुश जातीची. तिचं झुडूप पाच-सहा फूट वाढतं. ती माणसाने निवडून, संकर करून घडवली. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी तिचं पहिलं व्यापारी पीक १९१६ मध्ये काढलं. लोबुश वेगळी, शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम. उंची वीतभर ते दीड फूट, फळ वाटाण्याएवढं, पण चव गडद. मेनचा पूर्व कोपरा, आणि कॅनडातले न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कॉशिया, क्वेबेकचा लाक सँ-जाँ भाग हे तिचे मोठे पट्टे. गंमत म्हणजे या पट्ट्यांतले शेतकरी ती लावत नाहीत. जंगलात पाइन-स्प्रूसच्या सावलीत ती विरळ, फळाशिवाय, कशीबशी जगत असते. वरची झाडं गेली, ऊन आलं, की जमिनीखालची तिची खोडं सुटतात आणि सगळीकडे पसरतात. शेतकरी फक्त झाडं काढतो, तण हटवतो आणि दर दोन वर्षांनी सगळं जमिनीलगत कापतो किंवा जाळतो. हे जाळणं युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी, पॅसामाक्वॉडी आणि इतर वाबानाकी लोक, करत आले आहेत. १८६० च्या दशकातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात मेनची डबाबंद ब्लूबेरी सैन्याला जाऊ लागली आणि तिथून धंदा वाढला. पण रोपं लावून शेत केलं असं मोठ्या प्रमाणावर कुणी केलं नाही.

हा इतिहास सांगण्याचं कारण तुमचा उतार. पाइन काढलेली, न्यू हॅम्पशायरमधली, उतरती, गवत न धरणारी जमीन. तिथे रानटी लोबुश आधीच असण्याची शक्यता चांगली आहे. म्हणून रोपांची ऑर्डर देण्याआधी नीट बघा. मे महिन्यात बारीक, पांढरी, घंटेसारखी फुलं झुबक्याने दिसतील. ऑक्टोबरमध्ये तर शोधणं सोपंच, पानं भडक लाल होतात. पानं लहान, लांबट, एकाआड एक, कडा बारीक दातेरी. पानांवर मखमली लव असेल तर ती व्हॅक्सिनियम मर्टिलॉइड्स ही सख्खी बहीण. तीही खायची, जरा आंबट. असे दहा-वीस ठिकाणी कोंब दिसले, तर तुमचं निम्मं काम निसर्गाने केलेलं आहे. मग रोपं फक्त मोकळ्या जागांत लावायची.

एक सावधगिरी इथेच. त्याच जमिनीत कॅल्मिया अँगुस्टिफोलिया नावाचं बुटकं झुडूप येतं, इथले लोक त्याला लॅम्बकिल म्हणतात, म्हणजे कोकरं मारणारं. ते विषारी आहे. त्याची पानं हिवाळ्यातही हिरवी राहतात आणि खोडावर तीन-तीनच्या फेरात किंवा समोरासमोर येतात. ब्लूबेरीची पानं गळतात आणि एकाआड एक असतात. कॅल्मियाला रसाळ फळ येत नाही, सुकी बोंडं येतात, त्यामुळे फळाच्या वेळी घोटाळा होत नाही. पण घरात लहान मुलं आहेत, तेव्हा ते उपटून टाका.

आता माती. या झाडाला सामू, म्हणजे पीएच, ४ ते ५ च्या दरम्यान लागतो. आपल्याकडची बहुतेक पिकं ६ ते ७.५ ला खूश असतात. ही तिथे उपाशी मरते. सामू वाढला की मातीतलं लोह असूनही तिला घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, वाढ थांबते. लोक त्यावर खत टाकतात आणि आणखी बिघडवतात. तुमच्या भागातली माती ग्रॅनाइटची, पाइनच्या सुयांची, मुळात आम्लच. पण आधीच्या मालकाने तिथे गवत आणण्याचा प्रयत्न केला असेल, तर चुना मारलेला असू शकतो. म्हणून अंदाज नको, तपासणी करा. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनकडून, म्हणजे शेती-बागकाम सल्ला विभागाकडून, किंवा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टच्या प्रयोगशाळेतून थोड्या डॉलरांत होते. उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातली माती वेगवेगळी द्या.

सामू ५.५ आला आणि तो ४.५ वर आणायचा असेल, तर वाळूच्या जमिनीत १०० चौरस फुटांना सुमारे ०.८ पौंड दाणेदार गंधक लागतं, पोयट्याच्या जमिनीत सुमारे २.४ पौंड. गंधक स्वतः काही करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात, आणि हे जिवाणू माती उबदार व ओलसर असेल तेव्हाच कामाला लागतात. म्हणून शरद ऋतूत किंवा लवकर वसंतात टाका, आणि रोपं पुढच्या वर्षी लावा. दोन हप्त्यांत विभागून टाकलं तर आणखी चांगलं. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट लगेच काम करतं म्हणून दुकानदार सुचवतात. जास्त प्रमाणात ते मुळांना घातक ठरतं, ते नको. आणि पाइनच्या सुया टाकून सामू उतरतो हा समज सोडून द्या. आच्छादन म्हणून सुया उत्तम, औषध म्हणून जवळजवळ निरुपयोगी.

सामूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी इथल्या मराठी घरांत नेहमी दिसते. हिवाळ्यात लाकडाची शेगडी पेटते, राख साठते, आणि आपल्याला लहानपणापासून माहीत असतं की राख झाडांना चांगली. इथे ती विष आहे. लाकडाची राख चुन्यासारखीच काम करते. शेणखत, हाडांचा चुरा, मशरूमच्या शेडमधलं कंपोस्ट हेही या तुकड्यापासून लांब ठेवा. विहिरीचं पाणी जड असेल तर पाणी देऊन देऊनही सामू हळूहळू वर चढतो. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी माती तपासत राहा.

भिंतीलगत नको म्हणालो त्याची दोन कारणं. पहिलं, काँक्रीटच्या पायातून चुना पाझरत राहतो आणि तिथली माती तुम्ही कितीही गंधक टाकलं तरी पुन्हा वर येते. दुसरं जास्त गंभीर आहे. तुमचं घर १९७८ च्या आधीचं असेल, तर बाहेरच्या भिंतींना शिशाचा रंग असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत घरांसाठी त्यावर बंदी त्या वर्षी आली. जुना रंग खरवडला जातो, खाली पडतो आणि भिंतीच्या आसपासच्या काही फुटांत शिसं साठतं. माती आम्ल केली की शिसं जास्त विरघळतं. म्हणजे ब्लूबेरीला हवी ती माती आणि शिशाला बांधून ठेवणारी माती एकमेकींच्या उलट. मुलं खाली बसून, मातीत हात घालून फळं खाणार. तेव्हा तपासणीच्या अर्जावर शिशाची चाचणीही मागा, आणि जुन्या भिंतीच्या कडेला खायचं काही लावू नका. तिथे नुसतं शोभेचं ठेवा.

ऊन सहा तास तरी हवं. कमी उन्हातही झाड जगेल, लाल होईल, जमीन थोडी धरेल, पण फळ येणार नाही. शेजारी काळा अक्रोड असेल तर त्याच्या मुळांच्या पट्ट्यात लावू नका, त्याच्या मुळांतून येणारं द्रव्य ब्लूबेरीला सोसत नाही. रस्त्यावरचं मीठ जिथे उडतं तिथेही नको.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: तण. लोबुश जमीन झाकते हे खरं, पण पहिली काही वर्षं ती काहीही झाकत नाही. मधल्या उघड्या मातीत शीप सॉरेल, गोल्डनरॉड, क्वॅकग्रास, ब्रॅकन नेचा हे तिच्या आधी पोचतात. क्वॅकग्राससुद्धा जमिनीखालच्या खोडांनीच पसरतं आणि एकदा ते ब्लूबेरीच्या खोडांत गुंतलं की वेगळं करणं अशक्य होतं. म्हणून लावणीच्या आधीचं पूर्ण वर्ष तण मारण्यात घालवा. तुमच्याकडे उतार आहे, त्यामुळे नांगरट किंवा टिलर अजिबात नको, पहिल्याच वादळी पावसात माती खाली येईल. गवत अगदी खाली कापा, त्यावर साधे तपकिरी खोके एकमेकांवर चढवून पसरा, वर तीन-चार इंच लाकडाचा भुसा किंवा चिप्स, आणि उतारावर सरकू नये म्हणून काथ्याची जाळी खिळ्यांनी ठोका. जिथे रानटी ब्लूबेरी सापडली तिथे खोका टाकू नका, तिथे हातानेच निंदा. काथ्याची जाळी दोन-तीन वर्षांत आपोआप कुजते, प्लास्टिकची जाळी मात्र कायम पायात अडकते आणि सापही अडकतात. तण रोखायचं कापडसुद्धा नको. जमिनीखालून धावणाऱ्या खोडाने कोंब वर काढायचा कुठून?

रोपं तीन प्रकारांनी मिळतात. पहिला प्रकार कुंडीतली नाव असलेली जात. नोव्हा स्कॉशियातल्या केंटव्हिलच्या संशोधन केंद्रातून ऑगस्टा, ब्रन्सविक, ब्लोमिडॉन, फंडी अशा निवडी आल्या. ब्रन्सविक बुटकी आणि पसरणारी, उतारासाठी मला ती आवडते. बर्गंडी नावाची मिळते, तिची कोवळी पानं तांबूस असतात. दुसरा प्रकार म्हणजे बियांपासूनची रोपं, त्यांची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिसरा प्रकार मेनच्या शेतांतून कापून आणलेला सॉड, म्हणजे मुळांसकट चटई. सॉड महाग, वजनदार आणि सोबत तण घेऊन येतो, पण जिथे माती वाहून जायची भीती आहे त्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यासाठी त्याला तोड नाही. मात्र खाली जुळणारी आम्ल माती नसेल तर सॉडही दोन वर्षांत विझतो.

नर्सरीत एक प्रश्न आवर्जून विचारा: रोप फांदीच्या कलमाचं आहे की ऊतीसंवर्धनाचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं? फांदीच्या कलमांची रोपं झुडूप करून बसतात, जमिनीखाली धावायला फार वेळ घेतात. ऊतीसंवर्धनाची आणि बियांची रोपं लवकर धावू लागतात. तुम्हाला जमीन झाकायची आहे, त्यामुळे ही निवड जातीच्या नावापेक्षा महत्त्वाची. आणि टॉप हॅट, नॉर्थस्काय, नॉर्थब्लू या लहान दिसणाऱ्या ब्लूबेरी लोबुश समजून विकत घेऊ नका. त्या हायबुश आणि लोबुश यांच्या संकरातल्या, हाफ-हाय. कुंडीला छान, फळही मोठं, पण त्या धावत नाहीत. एका जागी बसलेल्या झुडपांमध्ये तण निंदत तुमचं आयुष्य जाईल.

किती रोपं? दोनशे चौरस फुटांत एक-एक फुटावर लावली तर दोनशे, दीड फुटावर नव्वदच्या आसपास, दोन फुटांवर पन्नास. मी उतारावर दीड फूट सांगतो. दोन फुटांवर पैसे वाचतात, पण भरायला इतका वेळ लागतो की लोक कंटाळून परत गवत टाकतात. दीड फुटावर, भुशाचं आच्छादन नीट ठेवलं आणि निंदणी चुकवली नाही, तर चौथ्या-पाचव्या वर्षी हिरवं एकसंध दिसू लागतं. कुणी दोन वर्षांत भरेल म्हणून विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. पैसे एकदम घालायचे नसतील तर अर्ध्या उतारावर यंदा लावा, उरलेल्यावर खोके आणि भुसा तसाच ठेवा.

लावणी वसंतात, जमीन वितळल्यावर. खोके कुजले नसतील तर चाकूने फुली मारून खड्डा करा. प्रत्येक खड्ड्यातल्या मातीत तेवढंच पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, मिसळा. पीट आधी कोमट पाण्यात भिजवा, कोरडं पीट मुळांजवळ कोरडंच राहतं. कुंडीतल्या रोपाची मुळं हाताने सोडवा. कुंडीत होतं त्यापेक्षा इंचभर खोल लावलं तर चालतं, उलट बरं, कारण मातीत गेलेल्या खोडावर नवे फुटवे येतात. खत टाकू नका. आणि पहिल्या वर्षी, शक्य तर दुसऱ्याही वर्षी, फुलं खुडा. मुलांना वाईट वाटेल, पण या काळात झाडाचं सगळं बळ जमिनीखाली जायला हवं.

जमिनीखाली काय चालतं ते इथे सांगतो, कारण पुढची सगळी निगा त्यावर अवलंबून आहे. लोबुशच्या झाडाचा मोठा भाग वर दिसतच नाही. आडवी धावणारी खोडं, इथे रायझोम म्हणतात, मातीच्या वरच्या काही इंचांत पसरतात आणि जागोजाग कोंब वर काढतात. मुळं केसांसारखी बारीक, त्यांना मूळरोम नसतात. एका विशिष्ट बुरशीच्या मदतीने ती आम्ल मातीतून अन्न घेतात. इतक्या वरवरच्या मुळांना दोन गोष्टी सोसत नाहीत: कोरड आणि तुडवणं. म्हणून पहिली दोन वर्षं आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस धरून. आणि उतारावरून जायची वाट आधीच ठरवून तिथे सपाट दगड टाका. लॉनसारखी ही चालायची जमीन नाही, पोरांचा चेंडू तिथे रोज जाणार असेल तर जागा बदला. भुशाचं आच्छादन दर दोन वर्षांनी इंच-दोन इंच वाढवत राहा. रायझोम त्या सैल, ओलसर थरात पळत सुटतात. या एका गोष्टीने पसरण्याचा वेग जितका वाढतो तितका कशानेच वाढत नाही, खताने तर नाहीच.

खताबद्दल इतकंच की नत्र अमोनियमच्या रूपात द्या, अमोनियम सल्फेट. नायट्रेटचा ती नीट उपयोग करू शकत नाही. देणं झालंच तर छाटणीनंतरच्या वसंतात, थोडंसं, तेही पानं फिकी दिसत असतील तरच. जास्त नत्राने कोंब उंच, लुसलुशीत होतात, थंडीत मरतात, आणि तणांची मात्र चंगळ होते.

छाटणीने सगळे घाबरतात. आपल्याकडे द्राक्षात एप्रिलला खरड छाटणी करतो, सगळं ओरबाडून काढतो आणि पुढच्या हंगामाच्या काड्या तयार करतो. लोबुशची छाटणी त्याच्याही पुढची, जमिनीला टेकवून. फांदीचा काही भाग ठेवायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर, झाडं पूर्ण झोपली की, म्हणजे पानगळ होऊन जमीन गोठायच्या सुमारास किंवा वसंतात कळ्या हलायच्या आधी, कात्रीने सगळं जमिनीपासून अर्ध्या इंचावर कापा. उन्हाळ्यात कापलंत तर रायझोममधला साठा संपतो आणि झाड कमकुवत होतं.

कापल्यानंतरच्या वसंतात रायझोममधून दाट, सरळ कोंब येतात. ते जूनभर वाढतात, मग कोंबाचं टोक काळं पडून वाळतं. हा रोग नाही. वाढ थांबली याची ती खूण, आणि त्यानंतर त्याच कोंबाच्या वरच्या भागात फुलांच्या कळ्या धरू लागतात. त्या वर्षी फळ नाही. पुढच्या मे महिन्यात फुलं, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये फळ. त्यानंतर पुन्हा कापायचं. न कापता ठेवलं तर तिसऱ्या वर्षीही थोडं फळ येतं, पण कोंब फांद्याळ होतात, फळ लहान होतं आणि खालून झाड विरळ होत जातं. मग जमीनही उघडी पडते. म्हणजे तुमच्या दोन्ही गरजा, झाकण आणि फळ, कापण्यानेच भागतात. मेनमध्ये पूर्वी शेतावर गवताचा पेंढा पसरून जाळत. आता बहुतेक जण कापतात. घराशेजारी जाळायचा विचार करू नका, परवाने लागतात आणि पाइनच्या सुया कशा पेटतात ते तुम्हाला बघायचं नाही.

उताराचे दोन भाग करा आणि एकेक भाग एकाआड वर्षी कापा, म्हणजे दर वर्षी फळ मिळेल आणि उतार कधीच पूर्ण उघडा पडणार नाही. यात एक बारकावा आहे. लोबुश स्वतःच्या परागाने फार कमी फळ धरते. वेगळ्या झाडाचा पराग लागतो. एका जातीची पन्नास रोपं म्हणजे परागाच्या दृष्टीने एकच झाड. म्हणून दोन्ही भागांत किमान दोन जाती मिसळून लावा. एका भागात ब्रन्सविक, दुसऱ्यात ऑगस्टा अशी सुबक वाटणी केलीत, तर ज्या वर्षी एक कापली जाईल त्या वर्षी दुसरी एकटी फुलेल आणि फळ जेमतेम धरेल. रानटी रोपं असतील तर हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण ती सगळी वेगवेगळ्या बियांची असतात. मेनच्या शेतात ऑक्टोबरमध्ये बघितलं तर लालच्या दहा छटांचे गोलसर तुकडे दिसतात, प्रत्येक तुकडा एक स्वतंत्र झाड.

पराग हलवायचं काम इथे जंगली माश्या करतात. फुलाच्या पुंकेसरांना टोकाला छिद्र असतं, त्यातून पराग हलवून काढावा लागतो. भुंग्यासारख्या मोठ्या बंबलबी फुलाला लटकून अंगाने कंप देतात, तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही, म्हणून शेतकरी पेट्यांचे ट्रक आणतात ते संख्येच्या जोरावर. तुमच्या दोनशे फुटांना बंबलबी पुरतील, फक्त मे-जूनमध्ये आसपास कीटकनाशक मारू नका आणि एखादा मातीचा उघडा, कोरडा कोपरा तसाच ठेवा. जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना तो लागतो.

फळ किती? मेनमधल्या चांगल्या निगराणीच्या शेतात एकरी तीन ते पाच हजार पौंड निघतात. त्या हिशेबाने १०० चौरस फुटांना सात ते अकरा पौंड. घरच्या तुकड्यात त्याच्या निम्मं धरा, उरलेलं चिपमंक, रॉबिन आणि रानटी टर्की नेणार. पूर्ण पिकलेलं फळ बोट लावताच सुटतं, ओढावं लागलं तर चार दिवस थांबा. मात्र फार थांबूही नका. स्पॉटेड विंग ड्रोसोफिला ही आशियातून आलेली फळमाशी मेनमध्ये २०११ पासून आहे, आणि ती पिकत आलेल्या निरोगी फळातच अंडी घालते. जुलैअखेरचं फळ बहुधा वाचतं, ऑगस्टअखेरचं सापडतं. तोडलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. गोठवायचं असेल तर न धुता गोठवा, वरचा पांढरट मेणाचा थर राहिला तर फळं एकमेकांना चिकटत नाहीत. दातेरी फणीचा रेक मिळतो, पण इतक्या लहान जागेत हातानेच तोडा. रेकने कच्चं-पक्कं सगळं येतं आणि कोवळी रोपं उपटतात.

रोगांपैकी एकाचीच काळजी घ्या. काही फळं पिकायच्या आधीच सुकून, कडक, राखाडी होऊन गळली तर ती ममी बेरी नावाची बुरशी. ती गळलेली फळं वसंतात बीजाणू सोडतात. बर्फ वितळताच त्यांच्यावर दोन इंच नवा भुसा टाकला की बरंचसं दबतं. बाकी पानांवरचे ठिपके वगैरे घरच्या तुकड्यात चालवून घ्यावेत.

आणि मुलांना तिथून आल्यावर गोचिडीसाठी नीट तपासा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. तुमच्या भागात लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड भरपूर आहे आणि तिला असंच बुटकं, दाट, सावलीचं झाकण आवडतं. अंगाला लागलं की खाज आणि पुरळ आणणारं, तीन पानांचं पॉयझन आयव्हीही अशा तुकड्यात गुपचूप शिरतं, मुलांना ते ओळखायला शिकवा.

महाबळेश्वरचं. तिथली जांभ्याची माती आम्ल आहे, तो भाग जुळतो. पण लोबुशला हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसच्या खालचे हजारभर तास लागतात, त्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि त्याच्या बातम्या येतात, पण त्या काही पहाटा असतात, चार महिन्यांचा हिवाळा नव्हे. शिवाय वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, इतक्या वरवरच्या मुळांना झेपणार नाही. बहिणीला ब्लूबेरीच हवी असेल तर कमी थंडीवर फळणाऱ्या सदर्न हायबुश जाती मोठ्या कुंडीत, आम्ल मिश्रणात, पावसात छपराखाली ठेवून बघता येतील. तीही भारतातल्याच नर्सरीतून घ्यावीत. इथून सामानात रोपं नेणं कायद्याने चालत नाही, वनस्पती आयातीला परवाना आणि तपासणी लागते.

तुमचं पुढचं काम: या ऑक्टोबरमध्ये उतारावर लाल पानं शोधा, सापडली तिथे काठ्या रोवून ठेवा, आणि जमीन गोठायच्या आत मातीचे तीन नमुने पाठवा. रिपोर्टमधला सामू, सेंद्रिय पदार्थाचं प्रमाण आणि शिशाचा आकडा कळवलात तर गंधक किती आणि कधी टाकायचं त्याचा हिशेब मांडून देतो.